गावात कंपनी येतेय? आधी एक दोनशे पानी वही घ्या

कंपनी येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी कोकणात गावाचे दोन भाग पडतात. एक म्हणतात पोरांना काम मिळेल, मुंबईला जायला लागणार नाही, दुसरे म्हणतात खाडी गेली आंबा गेला, मग देवळात मीटिंग, आरडाओरडा, आणि शिमग्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात न्यायची इथपर्यंत भांडण पोचतं. हे सगळं चालू असताना कंपनीची माणसं मात्र शांतपणे सातबारे काढत असतात. बाजूने उभं राहायचं की विरोधात हे तुमचं तुम्ही ठरवा, मी इथे फक्त गावाने हिशोब कसा ठेवायचा तेवढं सांगतो, कारण हिशोब कंपनीकडे असतो, थोडाफार सरकारकडे असतो, गावाकडे काहीच नसतो.

मालक बाहेरचा असला की नफा मालकाकडे जातो, मग तो मुंबईत बसलेला असो नाहीतर अमेरिकेत, आणि धूर, सांडपाणी, ट्रक इथेच राहतात. गावात पैसा यायच्या वाटा मोजून पाच: जमिनीचा मोबदला, पगार, ठेके आणि भाडी, ग्रामपंचायतीचा कर, आणि सीएसआर, म्हणजे कंपनीने नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च. बास. विकास होईल म्हणून जो कोणी सांगेल त्याला विचारायचं की बाबा ह्यातल्या कुठल्या वाटेने, किती, आणि कोणाच्या घरात. वहीत ह्या पाच वाटांची पाच भागात पानं करा आणि खर्चाची पानं वेगळी ठेवा, म्हणजे पाणी, खाडी, बागा, रस्ता, दवाखाना.

काम सुरू व्हायच्या आधीची पानं

सगळ्यात महत्त्वाची हीच आणि हीच कोणी लिहीत नाही. कंपनी येऊन पाच वर्षं झाल्यावर विहीर खराब झाली म्हणून तक्रार घेऊन गेलात की पहिला प्रश्न येतो, आधी पाणी चांगलं होतं ह्याला पुरावा काय? आणि आपला पुरावा म्हणजे आजीची आठवण.

म्हणून वाडीवार विहिरी लिहून काढा. कोणाची विहीर, खोल किती, दिवाळीनंतर पाणी किती हात आणि मे महिन्यात किती. दोरीला गाठी मारून मोजलंत तरी चालेल, फक्त दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मोजा आणि फोटो काढून ठेवा. एकदा तरी ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवा, रिपोर्टवर तारीख आणि शिक्का येतो आणि पुढे कामाला येतो तो शिक्काच. पऱ्या, वहाळ, पाट, कुठला कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो, खाली कोणाच्या शेताला लागतो, हेही लिहा.

आंबावाल्यांनी कलमं किती, मोहोर कधी आला, पेट्या किती गेल्या हे लिहायचं. वाशीच्या बाजारात माल पाठवत असाल तर दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, फेकू नका, दहा वर्षांच्या पट्ट्या एका पिशवीत असतील तर त्याच्यासारखा पुरावा नाही. मोहोर करपला तर तो धुराने की हवामानाने हे सिद्ध करणं महाकठीण, आणि खरं सांगायचं तर कधीकधी दोन्ही असतं, पण कंपनी सगळं हवामानावरच ढकलणार हे धरून चाला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे ग्रामपंचायतीच्या ठरावासकट अर्ज करून कारखान्याची चिमणी पेटायच्या आधीच बागांची पाहणी मागा. नंतरच्या पाहणीला तुलना करायला काही नसतं.

आता खाडी, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. होडीवाल्यांचा हिशोब निदान थोडा तरी कागदावर असतो, होडीची नोंदणी, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व, डिझेलचा कोटा. बायकांचं काय? आमच्याकडे ओहोटीला बायका खाडीत उतरतात, गुडघाभर चिखलात पायाने चाचपत तिसऱ्या (शिंपल्या) काढतात, खडकावरची कालवं फोडतात, मुळे काढतात, आणि दुपारी एसटी स्टँडजवळ वाटे लावून बसतात. माझी एक चुलती जन्मभर हेच करत आली. तिच्या टोपलीखाली एक प्लास्टिकची डबी असते, त्यात चिल्लर आणि नोटा, संध्याकाळी त्यातनं आधी भिशीचे काढायचे, मग पोराच्या वह्या, मग मीठ मिरची. घर त्या डबीवर चालायचं आणि नवऱ्याचा पगार असला तरी तो उधारी फेडण्यात जायचा. ह्या कमाईचा एकही कागद जगात नाही. पर्यावरण अहवाल करणारी माणसं येतात, भरतीच्या वेळी येतात, त्यांना नुसतं पाणी दिसतं, आणि मी वाचलेल्या एका अहवालात चक्क लिहिलेलं की परिसरात उल्लेखनीय मासेमारी होत नाही. म्हणजे उद्या तिसऱ्या मेल्या तरी नुकसान शून्य, कारण कमाईच शून्य होती.

तर प्रत्येक बाईच्या नावाने एक पान करा. रकाने पाच पुरे: तिथी, जागा, काय मिळालं, वाटे किती, पैसे किती. तारखेपेक्षा तिथीच लिहा, कारण उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (छोटी भरती-ओहोटी) ह्यावर सगळं ठरतं आणि त्यांना ते तोंडपाठ असतं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला सांगा, नाहीतर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून बचत गटाच्या ग्रुपवर टाका. एक वर्षभराची नोंद झाली की बचत गटाच्या लेटरहेडवर बेरीज काढून तहसीलदार आणि मत्स्यव्यवसाय खात्याला पोच घेऊन द्या. पोच महत्त्वाची, अर्ज नाही. लोटे परशुरामच्या केमिकल कंपन्या आणि दाभोळ खाडीतले मच्छीमार ह्यांचा वाद किती वर्षं चाललाय सगळ्यांना माहितीय, मासे मेले की पेपरात फोटो येतो, पण मेलेल्या माशांचा फोटो एका दिवसाचा, कमी कमी होत गेलेली मिळकत दाखवायला वर्षानुवर्षांची नोंदच लागते.

जमीन

एमआयडीसी जमीन घेते तेव्हा महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ खाली घेते, ३२(२) ची नोटीस आली की हरकत द्यायची वेळ आली असं समजा, ती नोटीस कपाटात ठेवायची नसते. कंपनी थेट घेणार असेल तर एजंट फिरतात आणि आपले सातबारे सामायिक, एका सर्वे नंबरवर पणजोबांपासूनची तीस चाळीस नावं, निम्मी डोंबिवली विरारला, बहिणींची नावं सासरी. एजंट बरोबर त्या बहिणींकडे जातो आणि हक्कसोडवर सही घेतो. त्यामुळे वहीत सर्वे नंबरवार सगळ्या हिस्सेदारांची नावं आणि फोन लिहा, गावाच्या मुंबईतल्या मंडळाची मदत घ्या. कुळाची नावं, देवस्थानची जमीन, गुरचरण हेही तपासा.

दुसरं म्हणजे सडा, डोंगरावरचं कातळाचं पठार. सातबाऱ्यावर कातळाची नोंद बहुतेक ठिकाणी पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून बाहेरचा माणूस म्हणतो पडीक जमीन आहे घ्या. त्याच सड्यावर गुरं चरतात, गवत कापतात, पावसात पाणी मुरून खालच्या विहिरींना येतं. आणि बारसूसारख्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. हे सगळं फोटोसकट लिहा.

भाव? २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे आणि ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला होऊ शकतो, ऐकायला छान वाटतं, पण बाजारभाव काढतात नोंदणी झालेल्या खरेदीखतांवरून आणि आपण स्टॅम्प ड्युटी वाचवायला तिथे कमी रक्कम दाखवलेली असते. भोगा आता.

जनसुनावणी

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं, अध्यक्ष कलेक्टर किंवा त्यांचा अधिकारी, निदान ३० दिवस आधी पेपरात जाहिरात, आणि पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध पाहिजे. एक लक्षात ठेवा, आधीच पर्यावरण मंजुरी असलेल्या औद्योगिक वसाहतीत कारखाना येत असेल तर त्याला वेगळी सुनावणी लागत नाही, म्हणजे वसाहतीच्या सुनावणीला झोपलात तर पुढच्या कारखान्यांना विचारायची संधीच नाही.

सुनावणीला कोरम नसतो. तुम्ही बहिष्कार घातलात तरी ती होते आणि कागदावर झाली असंच लागतं. आणि नुसत्या घोषणा दिल्या की इतिवृत्तात एकच ओळ येते, उपस्थितांनी विरोध केला. त्यापेक्षा प्रश्न विचारा, कारण लोकांचे मुद्दे आणि त्यावर कंपनीचं म्हणणं असं दोन्ही लिहून अहवालाला जोडायचं असतं. प्रश्न कसे, तर मे महिन्यात पाणी कुठल्या धरणातून आणि किती घेणार, सांडपाणी शुद्ध करायची मशीन बंद पडली तर उत्पादन बंद करणार का, दिवसाला किती ट्रक आणि ते शाळेसमोरून जाणार का, बांधकाम संपल्यावर कायम माणसं किती. अहवालाच्या पान नंबरसकट विचारा, समोरचा माणूस सरळ बसतो. लेखी निवेदन द्या, आणि शेवटी इतिवृत्त वाचून दाखवायचा नियम आहे तेव्हा निघून जाऊ नका, आपल्याकडे नेमकं तेव्हाच सगळे वडापाव खायला जातात.

मंजुरी मिळाल्यावर अटींची प्रत काढा, पर्यावरण मंजुरीच्या सरकारी परिवेश पोर्टलवर असते. अटी पाळल्या का ह्याचा अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. बहुतेक गावात हे कोणाला माहीतच नसतं.

पगाराची पानं

इथे गावातली माणसं सगळ्यात जास्त फसतात कारण दोन वेगळे आकडे एकत्र करून सांगितले जातात. बांधकाम चालू असताना हजारो हात लागतात, खड्डे, सेंटरिंग, डंपर, आणि कारखाना सुरू झाला की थोडीच माणसं राहतात, त्यातलीही शिकलेली बाहेरून येतात. म्हणून वहीत तीन रकाने करा, बांधकामावरचे, ठेकेदाराकडचे, कंपनीच्या रोलवरचे, आणि तिसऱ्या रकान्यात गावातली नावं किती ते दरवर्षी मोजा.

८० टक्के स्थानिक हा आकडा सगळे नाचवतात. २००८ च्या शासन निर्णयात आहे तो, सरकारी सवलत घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के आणि सुपरवायझरच्या जागांत ५० टक्के स्थानिक घ्यायचे. पण तिथे अट १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याची आहे, तुमच्या गावात नाही. म्हणजे गडचिरोलीचा मुलगा घेतला तरी आकडा भरतो. गावाला हवं असेल तर ग्रामपंचायतीने वेगळं लिहून घ्यायला लागतं आणि ते लिहून घेताना आयटीआयचे ट्रेड कुठले लागणार ते आधी विचारा, दोन वर्षांचा कोर्स कंपनी सुरू झाल्यावर करून काय उपयोग.

ठेकेदाराकडच्या पोराची पगाराची स्लिप हातात घेऊन बघा. स्लिपच नसेल तर तिथूनच सुरुवात. असेल तर वर नाव कोणाचं आहे, कंपनीचं की ठेकेदाराचं, हजेरीचे दिवस बरोबर आहेत का, पीएफ १२ टक्के कापलाय का, आणि तेवढाच मालकाचा भरला जातोय का. पोरगा म्हणतो कापतात ना, हो कापतात, पण भरतात का? उमंग ह्या सरकारी ॲपवर यूएएन (पीएफचा नंबर) टाकून पासबुक उघडा, महिन्यामहिन्याच्या एंट्र्या दिसतात. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबरही मागा, बायकोच्या बाळंतपणाला तोच उपयोगी पडतो. युनिफॉर्म, गेटपास, कँटीन म्हणून काय काय कापलंय ते लिहा. आणि बघा ठेकेदाराचं नाव दर एक दोन वर्षांनी बदलतंय का, माणसं तीच, सुपरवायझर तोच, फक्त नाव नवीन, म्हणजे पोरगा दहा वर्षं काम करूनही कायम नवीनच. ठेकेदाराने पगार बुडवला तर देणं मूळ कंपनीवर येतं, हे पोरांना सांगून ठेवा.

बाहेरून आलेल्या कामगारांवर राग काढू नका, एवढं मात्र सांगतो. एका खोलीत दहा जण राहतात ती खोली आपल्याच माणसाची असते आणि भाडं आपणच घेतो. आपल्या आंब्याच्या बागांतले राखणदार नेपाळी चालतात ना आपल्याला.

कर आणि सीएसआर

ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ मध्ये कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घ्यायची सोय आहे. सोपं वाटतं म्हणून पंचायती घेतात, पण करार किती वर्षांचा, दरवाढ आहे का, आणि कंपनीने नवीन शेड बांधली तर काय, हे न बघता सही झाली की कारखाना दुप्पट होतो आणि रक्कम तीच राहते. ग्रामसभेत हा करार वाचून घ्या. वर्षाला निदान चार ग्रामसभा व्हायला पाहिजेत, त्यातली एक ह्यालाच द्या.

सीएसआर म्हणजे दान नाही. कंपनी कायदा २०१३ कलम १३५, निव्वळ संपत्ती ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, ह्यातलं एक जरी असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायलाच लागतो. कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्या म्हणतो, पण तुमच्याच गावाला द्या असं म्हणत नाही. तीन वर्षांची सरासरी तोट्यात दाखवली की सगळं बंद. कंपनीच्या वार्षिक अहवालात शेवटी सीएसआरचा तक्ता असतो, कुठल्या जिल्ह्यात काय केलं, तो दरवर्षी छापून वहीत चिकटवा आणि बाजूला गावात खरं काय दिसतंय ते लिहा. स्टॉपवरची नाव रंगवलेली बाकडी, शाळेला दप्तरं, आणि गावची विहीर आटल्यावर येणारा टँकर, त्यावरही कंपनीचं नाव.

पाणी बदललं तर

वास आला, रंग आला, मासे वर आले, की त्याच तासाला व्हिडिओ, त्यात मोबाईलची वेळ आणि ओळखीची जागा दिसली पाहिजे. प्रदूषण मंडळाला फोन आणि लगेच ईमेल, त्यांच्या माणसाने घेतलेला नमुनाच कायद्यात चालतो, म्हणून तो येईपर्यंत दोन माणसं तिथे थांबवा. पावसाच्या पहिल्या जोरदार सरीला विशेष लक्ष ठेवा, वहाळ भरून वाहायला लागला की कोणी काय सोडलं हे ओळखायलाच येत नाही. प्रदूषण मंडळाने कंपनीला दिलेलं संमतीपत्र माहितीच्या अधिकारात मागा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, त्यात किती सांडपाणी कुठे सोडायचं ते लिहिलेलं असतं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला साधारण नियम असे की सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत, बीओडी ३० च्या आत (पाण्यातली घाण मोजायचे हे दोन आकडे), आणि त्या पाण्यात मासे ९६ तास ठेवले तर ९० टक्के जगले पाहिजेत. हा शेवटचा नियम कोळी माणसाला एका मिनिटात कळतो.

पर्यावरणाचे दावे चालतात त्या हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. साध्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत आणि नुकसानभरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची, मोजणी पहिल्या घटनेपासून. त्यामुळे वहीतल्या तारखा.

मालक बदलतो तेव्हा

गुहागरकरांना हे वेगळं सांगायला नको. एन्रॉन ह्या अमेरिकन कंपनीचा सामंजस्य करार १९९२ चा, दाभोळ वीज प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ ला सुरू, २००१ च्या मे मध्ये बंद, आणि त्याच डिसेंबरात ह्यूस्टनची मूळ कंपनीच दिवाळखोरीत. अंजनवेल वेलदूरच्या माणसाने काय केलं काय नाही ह्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता, निर्णय वीज मंडळ, मंत्रालय आणि अमेरिकेत झाले. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाने दुसरीच कंपनी उभी राहिली. पेणच्या डोलवीत इस्पात होती तिथे आता जेएसडब्ल्यू. मालक बदलला की आधीच्या साहेबाने तोंडी दिलेलं सगळं पाण्यात.

म्हणून प्रत्येक आश्वासन ग्रामसभेच्या ठरावात, कंपनीच्या लेटरहेडवर, आणि त्यात कंपनी व तिचे उत्तराधिकारी असे शब्द. पर्यावरण मंजुरी नवीन मालकाच्या नावावर होते तेव्हा अटीही तशाच त्याच्यावर येतात, नवीन साहेब म्हणाला आम्हाला माहीत नाही तर अटींची प्रत पुढे ठेवा. कर्ज काढून डंपर घेणाऱ्या पोरांना एकच सांगा, हप्ता ठेक्याच्या मुदतीपेक्षा लांब नको.

वही सरपंचाच्या घरी ठेवू नका, सरपंच बदलतो आणि वही जाते. मूळ वही बचत गटाकडे, एक झेरॉक्स शाळेत, एक मुंबईच्या मंडळाकडे. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा ती वाचायची, आणि पहिल्याच दिवशी आरती झाल्यावर, कारण दीड दिवसवाले दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन करून मुंबईची तुतारी एक्स्प्रेस पकडतात आणि सामायिक सातबाऱ्यावरची निम्मी नावं त्यांचीच असतात.